उपासनेत सगळं घर बसावं म्हणून

अपंगत्व असलेल्या कुटुंबांसाठी काही करायचं ठरलं की बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) रॅम्पपासून सुरुवात करतात. रॅम्प दिसतो, त्याचा फोटो निघतो, देणगीही लवकर मिळते. आम्हीही रॅम्प बांधला, पण त्याआधी घरं फिरलो. चाकाची खुर्ची दारात अडली तर चार जण धावून येतात. मध्येच ओरडणारं मूल, कोणाशी न बोलता बसून राहणारा तरुण, कित्येक महिने घराबाहेर न पडलेली आई यांच्यासाठी कोणी धावत नाही. तिथे नुसत्या माना वळतात, आणि खरं काम तिथेच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर ६ माणसांत १ जण लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतो आणि २०१९ च्या आकड्यांप्रमाणे दर ८ जणांत १ जण कुठल्यातरी मानसिक विकारासह. 'आपल्याकडे असं कोणी नाही' म्हणणाऱ्या कमिटीपुढे आम्ही हे आकडे ठेवले आणि मंडळीची नोंदवही उघडली. वही वाचायला शिकलं की खुणा सापडतात. नवरा-बायको कधीच एकत्र येत नाहीत, एका रविवारी ती तर पुढच्या रविवारी तो. दोन भावंडं संडे स्कूलला असतात, तिसऱ्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे पण मूल कोणाच्या नजरेस पडलेलं नाही. कोणी शेवटच्या गीताला येतं आणि आशीर्वादाआधी निघून जातं. क्वायरमध्ये वर्षानुवर्षं गाणारी बाई एकदम दिसेनाशी होते आणि घरचे 'जरा बरं नाही' एवढंच सांगतात. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासात, स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं उपासनेला कधीच न जाण्याची शक्यता इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट दिसली होती. संवाद आणि वागणं ज्या स्थितींमध्ये अडतं, गैरहजेरी प्रामुख्याने त्यांतच जास्त होती.

घरी गेल्यावर 'आजार कोणता?' हा प्रश्न विचारायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं. निदान ऐकून आपल्याला फारसं काही करता येत नाही. त्याऐवजी विचारायचं ते असं: रविवारी सकाळी घरातून निघताना काय अडतं? मागच्या वेळी उपासनेतून उठावं लागलं ते नेमकं कुठल्या वेळी? तेव्हा आसपासच्यांनी काय केलं? तुम्ही पूर्ण उपासनेला शांत बसलात असं शेवटचं कधी झालं होतं? चौथ्या प्रश्नाला बहुतेक घरांत आधी हसू येतं, मग उत्तर. भेटीला दोघांनी जावं, पाऊण तासाच्या आत उठावं आणि पहिल्या भेटीत कुठलंही आश्वासन देऊ नये. पाळकांनी दिलेलं आणि न पाळलेलं आश्वासन त्या घरात फार दिवस लक्षात राहतं.

उत्तरांमध्ये पायऱ्यांचा उल्लेख कमी येतो. कीबोर्ड आणि माईकचा आवाज येतो, 'किती वेळ चालणार ते कळत नाही' हे येतं, आणि सगळ्यांत जास्त येतात ती लोकांची वाक्यं. 'प्रार्थना कमी पडते', 'घरात काही शाप आहे का बघा'. 'पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?' हा प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारला होता आणि येशूने तो तिथेच मोडून काढला, योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात. त्यावर उपदेश ऐकलेली माणसंही दारात तोच प्रश्न विचारतात.

दुसऱ्या भेटीत माहितीचं एक पान भरून घेतो. हाक कशी मारायची, ही व्यक्ती हो-नाही कसं सांगते, काय आवडतं, कशाने बिनसतं, बिनसायच्या आधी कोणती चिन्हं दिसतात (कान झाकणं, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणणं, येरझाऱ्या), शांत व्हायला काय उपयोगी पडतं, गिळताना त्रास आहे का, फीट येते का, शौचालयात मदत कोणाची चालते, घरी नेण्याचा अधिकार कोणाला. निदानाची ओळ ऐच्छिक. पान कुलुपात राहतं, तीन ठरलेल्या व्यक्तींशिवाय कोणी वाचत नाही, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा भरलं जातं, कारण मुलं बदलतात, औषधंही बदलतात. घोटाळा होतो तो प्रार्थनाविषयांतून. कोणीतरी चांगल्या मनाने प्रार्थनासभेत सगळा तपशील देवाला मोठ्याने सांगतं, आणि तो देवाआधी शेजाऱ्यांना कळतो. म्हणून लेखी परवानगी नसेल तर नावानिशी प्रार्थना नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच.

बांधकामाचं थोडक्यात. रॅम्पचा चढ १:१२, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १८० सेंटीमीटर लांबी. तीन पायऱ्या, ४५ सेंटीमीटर उंची असेल तर ५.४ मीटर. जागा नाही म्हणून चढ तीव्र केला तर खुर्ची मागे उलटते आणि ढकलणाऱ्यालाही धोका. रुंदी १२० सेंटीमीटर, वर आणि खाली १५० सेंटीमीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, गुळगुळीत फरशी नको. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर. रॅम्प मागच्या दाराला काढतात आणि ते दार कुलूपबंद असतं, किंवा सणाला त्यावर कुंड्या मांडतात, हे इतकं सर्रास होतं की दर रविवारी रॅम्प पाहण्याचं काम एकाला नेमून द्यावं लागतं. आत मधल्या दोन-तीन रांगांतली बाकडी अर्धी कापली की खुर्चीवरचं माणूस आपल्या घरच्यांशेजारी बसतं. सगळ्या खुर्च्यांसाठी पुढे किंवा मागे एक कोपरा राखून ठेवला की तो प्रेक्षणीय होतो. व्यासपीठालाही चढ हवा, नाहीतर शास्त्रवाचन कायम पायांनी चालणाऱ्यांकडेच राहतं. गीतांची मोठ्या अक्षरांतली प्रत किमान १८ पॉइंटमध्ये छापतो. अंध व्यक्तीला तोच मजकूर युनिकोडमध्ये फोनवर आधी पाठवावा. स्कॅन केलेलं पान फोनला नुसतं चित्र म्हणून दिसतं, ते वाचून दाखवता येत नाही.

सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फरक कशाने पडला, तर आधी सांगण्याने. शनिवारी दुपारपर्यंत या घरांना एक निरोप जातो: किती गीतं, उपदेश कोण करणार, अंदाजे किती मिनिटं, प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) आहे का, बाप्तिस्मा आहे का, पाहुणे आहेत का, ढोल किंवा टाळ्या कुठल्या गीताला. चित्रांची पट्टी लागणाऱ्यांसाठी सात-आठ चित्रं: गीत, प्रार्थना, वाचन, अर्पण, उपदेश, गीत, आशीर्वाद, घर. भाग संपला की चित्र काढून मागच्या खिशात. मूल शेवटाकडे सरकणारी पट्टी पाहत बसतं आणि 'अजून किती?' हा प्रश्न उरत नाही. चिंताविकार असलेल्या मोठ्या माणसांनाही हाच निरोप लागतो, फक्त ती मागत नाहीत. पाहुण्या वक्त्याने वेळ ओलांडली की सगळं फिसकटतं. म्हणून आमंत्रणाच्या फोनवरच वेळेची मर्यादा आणि तिचं कारण सांगून टाकतो. मंडळीच्या सूचना लांबतात त्याला मात्र अजून कुठल्याही मंडळीत उपाय सापडलेला ऐकिवात नाही.

पहिल्या रविवाराआधी मधल्या वारी रिकाम्या चर्चमध्ये वीस मिनिटांची फेरी ठेवतो. कुठल्या दाराने यायचं, कुठे बसायचं, शौचालय, शांत खोली, या सगळ्यांचे फोटो काढून मुलाबरोबर घरी देतो. जागा स्पीकरपासून दूर आणि बाजूच्या दाराजवळ, म्हणजे उठलं तरी सगळ्यांसमोरून जावं लागत नाही. दाराशी कान झाकायचे मफ टोपलीत. माईकची शिट्टी अनेकांना आवाजापेक्षाही जास्त लागते, तेव्हा साउंड तपासणी लोक यायच्या आधी संपवावी. लुकलुकणारे दिवे पूर्ण बंद, नाताळलाही. सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश प्रकाश-संवेदनशील माणसाला फीट आणू शकतो.

शांत खोलीचं बिघडणं ठरलेलं आहे. आधी ती अडगळीची होते, मग गप्पांची, आणि शेवटी 'त्यांना तिकडे पाठवा'ची. दाराला काच, आत उपासनेचा आवाज पण कमी-जास्त करता येणारा, आणि 'तिकडे जा' असं सेवकांनी कुणालाही सांगायचं नाही हा नियम. जायचं की नाही आणि परत कधी यायचं, हे त्या व्यक्तीने किंवा घरच्यांनी ठरवायचं.

संडे स्कूलमध्ये ज्या मुलाला गरज आहे त्याच्याबरोबर एक सोबती असतो, पण एका मुलामागे तीन सोबती तयार करतो आणि पाळी लावतो. एकच उत्साही ताई सगळं सांभाळते, मूल तिला चिकटतं, सहा-आठ महिन्यांत ती थकते किंवा गाव सोडते, आणि कुटुंब पुन्हा घरी बसतं. शिकण्याचा क्रम असा: आधी सोबती आईशेजारी बसून नुसतं पाहतो, मग आई बाजूच्या खोलीत, मग आई उपासनेत पण फोन हातात, मग फोन पर्समध्ये. घाई केली तर क्रम पहिल्या पायरीवर येतो. काही बिनसलं तर तीन ओळी लिहून ठेवायच्या: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं. पाच-सहा नोंदींत बहुधा कारण दिसतं, आणि ते अनेकदा भूक किंवा एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणं एवढंच असतं. फीट आली तर वेळ बघायची, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, धरून ठेवायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर रुग्णवाहिका. आणि ठणठणीत भावंडाला सोबती करायचं नाही. तो आठवडाभर घरी तेच करतो.

मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद दाराआड असायचं नाही, कितीही जुनं, कितीही प्रार्थनाशील माणूस असलं तरी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांवर अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि त्यांचं सांगणं लोक कमी ऐकतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबरोबर एकत्र राहण्यासाठी १९६४ साली फ्रान्समध्ये लार्श सुरू करणारे ज्याँ व्हानिए संत मानले जात. संस्थेनेच करवलेल्या चौकशीचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये आला आणि त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं पुढे आलं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. पण चांगलं नाव हा सुरक्षेचा पुरावा नसतो, हे 'आमच्या माणसांवर अविश्वास का?' असं विचारणाऱ्या कमिटीला सांगायला तेवढं पुरतं.

मानसिक आजाराकडे येतो, कारण इथे सामान-सुमान कमी लागतं आणि जीभ जास्त सांभाळावी लागते. आजार दिसत नाही, येतो-जातो, आणि बरा असलेल्या आठवड्यात माणूस इतका नेहमीसारखा असतो की वाईट आठवड्यात तो 'सोंग करतो' असं वाटतं. व्यासपीठावरून 'चिंता म्हणजे अविश्वास' किंवा 'वेड्यासारखं' हे शब्द सहज जातात. उपदेश लिहिल्यावर तो गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या कानांनी एकदा वाचावा, एवढी विनंती पाळकांना केली. बायबलमधलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. ते वर्षातून एकदा उपासनेत वाचतो आणि त्याच्या शेवटी आपल्याकडून उजेड जोडत नाही.

प्रार्थनेबद्दल कमिटीने लेखी ठरवून घेतलं. हात ठेवून प्रार्थना करायची तर आधी विचारून. औषध, डोस, डॉक्टर यांबद्दल प्रार्थना करणाऱ्याने काहीच बोलायचं नाही. गोळ्या सोडल्याची साक्ष (देवाने बरं केलं असं सगळ्यांपुढे सांगणं) व्यासपीठावरून घ्यायची नाही. शेवटच्या नियमाला विरोध होतो, म्हणून त्याचं कारण नीट समजावून सांगावं लागतं. मनोविकारावरच्या गोळ्या सोडल्या की आजार त्याच दिवशी परत येतोच असं नाही, कित्येकदा आठवडे-महिने जातात. उलट सुस्ती, वाढलेलं वजन, कोरडं तोंड हे आधी कमी होतं आणि माणूस ताजातवाना दिसतो. साक्ष दिली जाते ती नेमकी या काळात. मग आजार उलटतो, रुग्णालयात न्यावं लागतं, आणि दोष येतो त्याच्या विश्वासावर. फीटच्या आणि झोपेच्या काही गोळ्या तर एकदम थांबवल्या की फीट येऊ शकते, लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) एकदम बंद केलं की उन्माद उसळू शकतो. नैराश्याच्या गोळ्यांचं उलट: त्रास आधी जाणवतो, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या पंधरवड्यात 'गोळ्या घेऊनही काही नाही, प्रार्थना करूनही काही नाही' हे ऐकू येतं तेव्हा धीर धरायला सांगणारं माणूस मंडळीतलं असलं तर फार उपयोग होतो.

उपास-प्रार्थना आणि रात्रभराची प्रार्थना यांची जाहिरात करताना दोन वाक्यं ठरवून जोडली. लिथियम घेणाऱ्याने अन्नपाणी सोडलं तर शरीरातलं पाणी-मीठ घटून औषधाचं रक्तातलं प्रमाण विषारी पातळीवर जाऊ शकतं: हात जोराने थरथरणं, उलट्या, तोल जाणं, गोंधळ. इन्सुलिन घेणारे आणि खाण्याचे विकार असलेले यांनाही उपास नको. जागरणाने द्विध्रुवी (बायपोलर) विकारात उन्माद आणि अपस्मारात फीट येऊ शकते. या लोकांसाठी दिवसाची प्रार्थनेची पाळी ठेवतो आणि ती यादीत इतर पाळ्यांसारखीच लिहितो, 'आजाऱ्यांसाठी' असं वर न लिहिता.

काही औषधांनी माणसाला एका जागी बसवत नाही, पाय आतून ढकलत राहतात. उपदेशात उठून येरझाऱ्या घालणारा तरुण दिसला की लगेच अशुद्ध आत्म्याची शंका घेणारे असतात. त्याला मागची मोकळी जागा आणि पाण्याची बाटली द्यावी, आणि घरच्यांना डॉक्टरांशी हे बोलायला सांगावं. औषध बदलून किंवा डोस कमी करून यावर इलाज होतो. सकाळी सुस्ती असणाऱ्यांना उशिरा येऊ द्यावं आणि 'आलात का?' म्हणून हसू नये. कोणी 'देव माझ्याशी रेडिओतून बोलतो' म्हणालं तर वाद घालायचा नाही, होला हो करायचं नाही. भीती वाटते का, झोप झाली का, जेवण झालं का, हे विचारायचं आणि घरच्यांना कळवायचं. त्या दिवशी माईक द्यायचा नाही. उन्मादाच्या भरात माणूस घर-दागिने अर्पण करायलाही निघतो. म्हणून नेहमीपेक्षा फार मोठं दान अचानक आलं की खजिनदार ते काही दिवस वेगळं ठेवतो आणि देणाऱ्याशी, गरज पडली तर घरच्यांशीही बोलतो. मंडळीला याचा तोटा होतो, आणि तो व्हायला हवा.

भेटींचा अनुभव सगळ्या मंडळ्यांचा सारखाच. अपघात झाला तर जेवण घेऊन रांग लागते, मनोरुग्णालयात दाखल झालं तर कोणाला पत्ता माहीत नसतो. घरच्यांना विचारून एकच माणूस वीस मिनिटं जाऊन येतो, तेवढं पुरतं. महत्त्वाचं म्हणजे घरी सोडल्यावर भेटी वाढवायच्या, थांबवायच्या नाहीत. मनोरुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात. शंका आली तर सरळ विचारावं, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उत्तर हो असेल तर एकटं सोडायचं नाही, गोळ्या आणि विषारी औषधं घरातून हलवायची, त्याच दिवशी डॉक्टर. 'कोणाला सांगू नका' हे वचन इथे पाळायचं नाही, आणि ते द्यायचंही नाही.

प्रभुभोजनाला गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी भाकरीचा अगदी छोटा, भिजवलेला तुकडा, ग्लुटेन चालत नसणाऱ्यांसाठी वेगळ्या ताटलीत वेगळी भाकरी. रस बिनमद्याचा सगळ्यांनाच. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरॅम घेणाऱ्याला थोड्या मद्यानेही त्रास होऊ शकतो. लिथियमने हात थरथरतात, म्हणून मोठा पेला अर्धाच भरून. जे पुढे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आधी जायचं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली ताटली घेऊन गेलं की ते उरल्यासारखंच वाटतं. 'याला समजतं का?' हा प्रश्न कमिटीत येणारच. चित्रांवरून, छोट्या छोट्या बैठकींत तयारी करून घेतो, उत्तर खुणेनेही चालतं, आणि बाकीच्यांना किती समजतं याची परीक्षा कोणी घेत नाही हेही शांतपणे सांगतो.

काम वाटताना या लोकांची नावं यादीत हवीत: गीतांची पुस्तकं देणं, अर्पणाची थैली, वाचन, हिशोब. ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या, जवळच्या रविवारी सत्कार करून वर्षभर विसरणं यापेक्षा काहीच न करणं बरं, असं एका घरात ऐकलं. ते पटण्यासारखं आहे.

महिन्यातून एकदा तीन तास, दोन ओळखीचे सोबती घरी जातात आणि आईबाप बाहेर पडतात. त्या वेळात त्यांनी प्रार्थनासभेला यावं अशी अट नाही. झोपले तरी चालेल. एखादं कुटुंब दोन रविवार आलं नाही तर सोमवारी एक फोन जातो, 'का नाही आलात?' असा नव्हे, 'या आठवड्यात काय जड गेलं?' असा.

हे सगळं पाळकांच्या डोक्यात राहिलं तर त्यांच्या बदलीबरोबर जातं. म्हणून सोबत्यांची पाळी, शनिवारचा निरोप, प्रार्थनेचे नियम, माहितीची पानं कोणाच्या कुलुपात आहेत ते, आणि मफ-छपाई-प्रशिक्षणाची अंदाजपत्रकातली ओळ, असं सगळं कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवलं. कार्यभार देण्याच्या यादीत किल्ल्यांच्या खालोखाल या घरांची नावं आहेत. नव्या पाळकांनी पहिल्या महिन्यात तिथे जावं, आणि जाण्याआधी पान वाचलेलं असावं, म्हणजे त्या आईला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.